नदीचे पुनरुज्जीवन : शिवनाथच्या काठावरून

नदी सुधारावयाची म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा पाण्याच्या शुद्धतेपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. मैला अडविला, कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध केले, काठावर पायऱ्या बांधल्या, की काम पुरे झाले असे मानले जाते. पाण्यातील मासा आणि त्या माशावर पोट असलेला माणूस यांची गणना या हिशेबात क्वचितच होते.

श्रोतेहो, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. मोहननगरच्या पश्चिमेस, दुर्ग शहराला लागून शिवनाथ वाहते आणि पुढे महानदीस मिळते. पावसाळ्यात ती दुथडी भरते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की मासे खोल डोहांचा आश्रय घेतात आणि उघड्या पडलेल्या वाळवंटात काकडी-डांगराच्या वाड्या फुलतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि काठावरील उथळ, नव्याने बुडालेल्या जागी प्रजनन करतात. नदीवर आडवा बंधारा पडला की वरच्या अंगाला भरपूर पाणी दिसते. पण माशाची वाट बंद होते आणि खालचे डोह आटू लागतात.

शिवनाथवर बंधाऱ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. बोरई येथील औद्योगिक केंद्राला पाणी पुरविण्यासाठी 1998 मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशातील शासकीय औद्योगिक महामंडळाने रेडियस वॉटर या खासगी कंपनीशी बावीस वर्षांचा करार केला. नदीचा सुमारे 23.6 किलोमीटरांचा पट्टा त्याखाली आला. मोहलईसारख्या गावांतील मासेमारांना जाळी टाकण्यास मनाई झाली, शेतकऱ्यांचे पंप हटविले गेले. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली नदी एकाएकी परक्याची झाली! लोकांनी आंदोलन केले. छत्तीसगढ शासनाने 2003 मध्ये करार रद्द करण्याची घोषणा केली आणि 2007 मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही तीच शिफारस केली. घोषणा आणि अंमलबजावणी यांतले अंतर मात्र लवकर मिटले नाही.

याच्या उलट घटना राजस्थानातील अलवर जिल्ह्यात घडली. तरुण भारत संघाच्या साहाय्याने गावकऱ्यांनी शेकडो जोहड, म्हणजे मातीचे छोटे बांध, बांधले. भूजल वाढले आणि कोरडी पडलेली अरवरी पुन्हा वाहू लागली. पाण्याबरोबर मासे आले आणि माशांबरोबर शासनाचा मासेमारीचा ठेकाही आला! गावांनी त्यास विरोध केला. ठेका मागे घ्यावा लागला. पुढे 1999 मध्ये सुमारे सत्तर गावांनी 'अरवरी संसद' स्थापून पाणी, पिके आणि चराई यांचे नियम स्वतः ठरविले. जिवंत झालेली नदी कोणाची, हा प्रश्न तेथेही टळला नाही. फरक एवढाच, की उत्तर देणारे लोक काठावरचेच होते.

पहिल्या पुरात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवणे आणि चैत्र-वैशाखात खालच्या डोहांपुरते पाणी सोडणे, यासाठी नवे यंत्र लागत नाही. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात दोन नोंदी कराव्या लागतात. त्यांच्या तारखा कोणत्या, हे मोहलईच्या केवटाला विचारावे; मासा कधी चढतो हे त्याला ठाऊक असते.