साधनाताईंचे स्मरण



कडेगावच्या या सभेत आम्ही साधनाताई आमटे यांचे कृतज्ञ स्मरण करीत आहोत. १९४६ साली बाबांशी त्यांचा विवाह झाला. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही समाज भीत असे, त्या काळात विकास आणि प्रकाश ही लहान मुले घेऊन त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात रुग्णांसमवेत संसार मांडला. पुढे नातवंडेही त्याच सेवेत आली. ९ जुलै २०११ रोजी ताई गेल्या.

आईपण घरापुरते नसते, हे त्यांनी जगून दाखविले. आमच्या रुग्णालयात मध्यरात्री रुग्णाची चादर बदलणारी मावशीही तेच करते. अहवालात मात्र तिचे नाव नसते. देणग्यांच्या हिशेबाबरोबर तिच्या श्रमांचीही नोंद आम्ही ठेवावी, हीच ताईंना आदरांजली.