धर्मगुरू उमेदवार होतो तेव्हा
(देहूरोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



देहूरोडचा परिसर मोठा बोलका आहे. घोरावडेश्वराच्या डोंगरावर बौद्ध लेणी आहेत आणि त्याच लेण्यांत शिवलिंगाची पूजा चालते. काही मैलांवर तुकोबांची देहू आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती येथेच. लष्कराच्या छावणीमुळे आणि कारखान्यांमुळे देशाच्या साऱ्या प्रांतांतून माणसे येथे आली, स्थिरावली. त्यांच्याबरोबर त्यांची मंदिरे, गुरुद्वारे, मशिदी आणि चर्चही आली. या गावात धर्म कोणाला शिकवावा लागत नाही. मात्र याच गावातील आणि आसपासच्या हजारो कुटुंबांच्या डोक्यावर दारूगोळा कोठाराभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या ‘रेड झोन’ची टांगती तलवार आहे. घर कष्टाच्या पैशाने बांधलेले, पण कायद्याच्या दृष्टीने उभेच नसलेले! हा प्रश्न ना महापालिकेच्या हातातला, ना मुंबईच्या मंत्रालयाच्या. तो संरक्षण खात्याचा, म्हणजे दिल्लीचा आहे.

आता कल्पना करा. उद्या येथील एखाद्या चर्चचे पास्टर, अथवा एखाद्या मठाचे अधिपती, लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले. ते दाराशी आले की आपण काय करू? आपल्यापैकी बरेच जण वाकून नमस्कार करतील. काही जण ‘धर्माच्या माणसाने राजकारणात पडू नये’ असे म्हणून दार लावून घेतील. रेड झोनबद्दल आपले धोरण काय, असे त्यांना विचारणारा विरळाच. आजच्या व्याख्यानाचा विषय हा न विचारला जाणारा प्रश्न आहे.

धर्मगुरूने निवडणूक लढवावी की नाही, याविषयी जगात एकवाक्यता कधीच नव्हती. लोकशाहीची जननी म्हणून जिचा गौरव होतो त्या इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पुरोहितांना कॉमन्स सभेत बसण्यास १८०१ च्या कायद्याने बंदी होती. ती उठायला २००१ साल उजाडले. गंमत अशी की, त्याच चर्चचे २६ बिशप निवडणूक न लढवता लॉर्ड्स सभेत मात्र बसतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात पाद्र्यांना राजकीय पद वर्ज्य होते. ती तरतूद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. कॅथलिक चर्चने तर स्वतःच आपल्या धर्मगुरूंवर निर्बंध घातला. मॅसॅच्युसेट्सचे फादर रॉबर्ट ड्रायनन दहा वर्षे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचा आदेश आला आणि त्यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. आपल्या राज्यघटनेने असली कोणतीही भिंत उभारली नाही. संन्यासी, मौलवी, पाद्री, भिक्खू, साऱ्यांना निवडणुकीचे दार मोकळे आहे. दार मोकळे ठेवले म्हणजे आत येणाऱ्याची परीक्षा मतदारानेच घ्यायची, हे ओघाने आलेच.

आणि ती परीक्षा झग्याच्या रंगावरून घेता येत नाही. याचे फार बोलके उदाहरण १९८८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सापडते. त्या एकाच वर्षी दोन बॅप्टिस्ट पाद्री उमेदवारीसाठी रिंगणात होते. रिपब्लिकन पक्षात पॅट रॉबर्टसन. त्यांनी उमेदवारीपूर्वी आपले पौरोहित्य सोडले होते. आयोवा राज्यातील पहिल्याच फेरीत त्यांनी उपाध्यक्ष थोरल्या बुश यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला आणि पक्षातील जाणकारांना चकित केले. डेमोक्रॅटिक पक्षात होते जेसी जॅक्सन. त्यांना प्राथमिक फेऱ्यांत सुमारे सत्तर लाख मते पडली. दोघांच्या हातात बायबल तेच, संप्रदायही तोच. पण रॉबर्टसन यांचे म्हणणे होते की गर्भपातावर बंदी घाला, सरकारी शाळांत प्रार्थना आणा, केंद्राचे शिक्षण खाते बंद करा, अंदाजपत्रकात तूट नको अशी घटनादुरुस्ती करा. जॅक्सन सांगत होते की साऱ्यांना सरकारी आरोग्यसेवा द्या, संरक्षणखर्च कमी करा, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घाला, पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता द्या. एका ग्रंथातून दोन ध्रुवांवरची धोरणे निघाली! तेव्हा ‘उमेदवार पाद्री आहे’ एवढ्यावरून त्याच्या धोरणाबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. अमेरिकी मतदाराला मात्र ती मिळाली होती; कारण या दोघांना महिनोन् महिने गावोगावच्या सभांत आणि वादसभांत उलटतपासणीला तोंड द्यावे लागले.

आपल्याकडे अशी उदाहरणे नाहीत असे नाही. संविधान सभेत मद्रास प्रांतातून काँग्रेसतर्फे निवडून आलेले एक येशूसंघीय धर्मगुरू होते, मंगळूरचे फादर जेरोम डिसूझा. १९४९ च्या मे महिन्यात सरदार पटेलांनी धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आणला, तेव्हा या धर्मगुरूने त्याला पाठिंबा दिला. आपल्या समाजाच्या पदरात पडलेल्या जागा सोडून देण्यास एका धर्मगुरूने संमती द्यावी, ही गोष्ट लहान नाही. पुढे १९५१ मध्ये त्यांनी पुण्यात सामाजिक अभ्यासाची एक संस्था काढली. ती नंतर दिल्लीस गेली. धर्मप्रचाराच्या हक्कावरून ख्रिस्ती नेतृत्वाशी आपले मतभेद होते आणि आहेत. ‘प्रचार’ या शब्दात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलेच आहे. तथापि राखीव जागांच्या प्रश्नावर फादर डिसूझांची भूमिका राष्ट्रहिताची होती, ही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

आता आपल्या घरात येऊ. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. अलाहाबाद-जौनपूर भागात, ज्याला पुढे फुलपूर म्हणून ओळखले गेले, तेथे पंडित नेहरूंविरुद्ध झुशीचे संत प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे होते. त्यांचा मुद्दा एकच: हिंदू कोड बिलाला विरोध. ५६ हजारांहून अधिक मतदारांनी त्यांना मते दिली. नेहरूंना दोन लाख तेहेतीस हजारांवर मिळाली. ब्रह्मचारीजींच्या त्यागाबद्दल आणि निष्ठेबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नाही. परंतु पंचवार्षिक योजना, काश्मीर, अन्नधान्याची टंचाई या प्रश्नांनी देश ढवळून निघाला असताना खासदारकीच्या उमेदवाराने एकच मुद्दा मांडावा, हे अपुरे होते. आपल्या परंपरेतील लोकांनीही हे मान्य करायला हवे. कोड बिलाचे पुढे चार स्वतंत्र कायदे होऊन ते १९५५-५६ मध्ये संमत झाले.

त्याच निवडणुकीत दक्षिणेत गुलबर्ग्याहून दुसरा एक संन्यासी लोकसभेत गेला. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथला. कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन, तेथेच संन्यासदीक्षा, नंतर अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. मराठवाड्याच्या मुलांना मराठीतून शिकवणे हेच निजामी राज्यात बंड होते. कारण उस्मानिया विद्यापीठापासून कचेरीपर्यंत भाषा उर्दू. १९३८ मध्ये राजवटीने स्टेट काँग्रेसला जातीय ठरवून तिच्यावर बंदी घातली. भगवी वस्त्रे परिधान करणारा माणूस त्या संघटनेच्या अग्रभागी होता! राजवटीला याहून सोयीचा पुरावा कोणता हवा? पण स्वामीजींच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत जबाबदार राज्यपद्धती, नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, जहागीरदारीचा अंत आणि पुढे भारतात विलीनीकरण एवढेच आढळते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवून ते तुरुंगात गेले. मध्यंतरी काही काळ सुटका झाली, ती वगळता १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती होईपर्यंत ते बंदिवासातच होते.

इथवरचा इतिहास मराठवाड्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पुढचे फारसे सांगितले जात नाही. कारण तेथे लाठी नाही, रझाकार नाहीत; आहे ती धोरणाची रूक्ष चर्चा. हैदराबाद राज्याचे काय करायचे? पंडितजींची इच्छा होती की मिश्र संस्कृतीचे प्रतीक म्हणून ते अखंड राहावे. राज्य अखंड राहणे म्हणजे निजाम राजप्रमुख म्हणून कायम राहणे, आणि तो होताच, १९५० पासून १९५६ पर्यंत. काँग्रेसचा खासदार, प्रदेशाचा नेता, वर संन्यासी. अशा माणसाने नेहरूंच्या सुरात सूर मिसळला असता तर कोणी बोट ठेवले नसते. स्वामीजींनी उलट भूमिका घेतली. लोकांचे राज्य लोकांच्या भाषेतच चालले पाहिजे, म्हणून हैदराबादचे त्रिभाजन झाले पाहिजे. मराठवाडा महाराष्ट्रात, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे कर्नाटकात गेले पाहिजेत, हे ते उघडपणे सांगत राहिले.

भाषावार प्रांतरचनेबद्दल श्रीगुरुजींचे मत निराळे होते. एकात्म शासनाचा त्यांचा आग्रह या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. स्वामीजींचे धोरण चुकीचे होते असे आजही कोणी म्हणू शकेल. मुद्दा तो नाही. ते धोरण होते, ते उघड होते, आणि त्यावर वाद घालता येत होता. ‘माझी साधना पाहा आणि मत द्या’ असे या संन्याशाने म्हटले नाही.

त्या धोरणाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला. ज्या मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले तो त्यांच्याच भूमिकेमुळे दुसऱ्या राज्याचा झाला! १९५७ मध्ये ते औरंगाबादहून उभे राहिले आणि निवडून आले. मुख्यमंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. पुढे राजकारणातून बाजूला होऊन ते शिक्षणसंस्थांत रमले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. पण त्यांची लोकसभेतील भाषणे वाचलेला पदवीधर शोधावा लागेल.

अलीकडची चित्रे वेगळी आहेत. २०१९ मध्ये आंध्रातील नरसापुरम येथून ख्रिस्ती धर्मप्रचारक के. ए. पॉल स्वतःच्या पक्षातर्फे उभे राहिले. जगभर सभा घेणारा हा माणूस, पण अनामत रक्कमही वाचली नाही. समाज धर्मगुरूच्या मागे डोळे मिटून जातो, हा समज त्या मतदारांनी खोटा ठरवला. त्याच वर्षी सोलापुरात गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी भारतीय जनता पक्षातर्फे उभे राहिले आणि सुशीलकुमार शिंदे व प्रकाश आंबेडकर या दोन मातब्बरांना हरवून दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. विजय मोठा, आपल्याला आनंद देणारा. पण त्या निवडणुकीची वृत्तपत्रीय चर्चा आठवून पाहा. कोणत्या समाजाची मते कोठे वळणार याचे हिशेब पानोपानी होते. सोलापूरच्या यंत्रमागांचे, पाण्याचे काय करणार, हे महास्वामींना किती पत्रकारांनी विचारले? त्यात दोष उमेदवारापेक्षा विचारणाऱ्यांचा अधिक. पत्रकारितेत आयुष्य घालवलेल्यांनी हे स्वतःपासून लपवू नये.

कायद्याने आपले काम केले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन अशा मताने, त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. तो खटला मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवला होता. धार्मिक संस्थांचा राजकीय वापर रोखणारा कायदा १९८८ पासून आहे. मंदिरात, चर्चमध्ये वा मशिदीत प्रचार करता येत नाही. पण कायदा फार तर काय बोलू नये ते सांगतो. काय बोललेच पाहिजे, ते उमेदवाराकडून वदवून घेणे मतदाराच्या हातात आहे.

देहूरोडला तर प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुधनिर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. येथील निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. त्या बदलाबद्दल उमेदवाराचे मत काय? छावण्यांचे नागरी भाग वेगळे काढण्याचे केंद्राचे धोरण आहे. मग येथील नागरी वस्तीच्या करांचे, पाण्याचे, शाळांचे काय? आणि रेड झोन. त्याच्या मुळाशी १९०३ चा, म्हणजे लॉर्ड कर्झनच्या काळातील संरक्षण बांधकामांचा कायदा आहे. कोठाराची सुरक्षितता ही राष्ट्राची गरज आहे, तिच्याशी तडजोड नको, हे या गावातील निवृत्त जवानही सांगेल. पण नेमकी मोजणी कोठून, आधीच्या घरांचे काय, भरपाई कोणाला आणि किती, याची उत्तरे संसदेत मागावी लागतात. उमेदवार भगव्या वस्त्रात येवो, पांढऱ्या झग्यात येवो की साध्या सदऱ्यात. त्याला आदराने बसवावे, पाणी द्यावे आणि १९०३ चा तो कायदा त्याने वाचला आहे का, हे विचारावे.