जाळ्यांतील मासळी आणि कायदा

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि या पाण्यांत कोल्हापूरच्या परिसरांतील भोई पिढ्यान्‌पिढ्या जाळीं टाकीत आले आहेत. श्रोतेहो, अशा एखाद्या भोयानें पहाटे जाळें ओढावें आणि कांठावरच्या कोणा दांडगेश्वरानें पाटींतील मोठे मासे निवडून, पैसे न देतां चालूं लागावें! या भोयाला कायद्याचा आधार कोणता?

वाहत्या नदींतील मासा सामान्यतः कोणाच्याच मालकीचा नसतो. तो धरण्यास परवाना लागतो कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. पण तें धरणें चोरी नव्हे. मात्र मासा जाळ्यांत सांपडला, कीं तो धरणाराच्या ताब्यांत येतो, आणि तेथून कायद्याचें छत्र सुरू होतें. तलावाची गोष्ट निराळी. तेथील ठेका सहकारी संस्थेकडे असला, तर परक्यास अटकाव करण्याचा तिला हक्क आहे, मारहाणीचा नाहीं.

अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं मासेमारी करणारास मुद्दाम त्रास देणें हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. आपल्याकडे 1897 च्या मत्स्यव्यवसायाच्या कायद्यानें पाण्यांत सुरुंगाची दारू व विष टाकण्यास बंदी केली. म्हणजे काळजी घेतली ती माशांची! भोयानें आपलें सर्वसाधारण फौजदारी कायद्यावर भागवावयाचें.

खरी मेख तेथेंच आहे. 1860 च्या दंडसंहितेखालीं चोरी चार आण्यांची असली तरी तिचा तपास पोलिसांस आपण होऊन करतां येई. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितांनीं पांच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र केली. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून तपास नाहीं. पाटीभर मासळी पांच हजारांची कोठून असणार? तथापि भारतीय न्याय संहितेच्या 304 व्या कलमानें ताब्यांतील वस्तु जबरीनें हिसकावणें हा निराळा, दखलपात्र गुन्हा झाला आहे, आणि त्यास किमतीची अट नाहीं. वाट अडविल्यास 126 वें कलम आहेच.

तेव्हां ‘मासे नेले’ एवढेंच सांगणारा भोई बहुधा रिकाम्या हातीं परततो. ‘हातांतली पाटी हिसकावली’ असें, घडलें असल्यास, स्पष्ट सांगितलें, तर फिर्याद नोंदविणें ठाण्यास भाग पडतें. जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दींतली असली तरीही. त्या फिर्यादीची नक्कल विनामूल्य मिळते. ती हातीं घेतल्यावांचून भोयानें ठाण्याची पायरी उतरूं नये.