जुनी सायकल की नवी?

मंडळी, शाळेच्या वाटेवरची रोजची सायकल कुरकुरू लागली, की मन नव्या सायकलीकडे धाव घेते. जरा थांबा! आधी फ्रेम पुसून सांधे न्याहाळा. पेडलच्या आसापाशी तडा दिसला, तर तिच्यावर एक पैही घालू नका. उतारावर ती दगा देईल.

माझी फ्रेम शाबूत निघाली. मग चेन मोजली. पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. माझ्या 1/8 इंच जास्त भरल्या. अशी चेन दातेही खाऊन टाकते. मग नवी चेन एकटी घातली, तर ती घसरते. म्हणून चेन, फ्रीव्हील, टायर, ब्रेकचे रबर असा सारा खर्च मांडला. नव्या सायकलीच्या निम्म्याहून कमी! चिरंजीवांना गिअरची हवी होती. ते अजून फुरंगटून आहेत.