दुकान कोणाचे, किल्ली कोणाची?



गोदेच्या काठी या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विद्वानांची भाषणे मी मागच्या रांगेत बसून ऐकली आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा इंटरनेटवरील जाहिरातींवर हा माणूस काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल, तर ती रास्त आहे. ती माझ्याही मनात होती. परंतु माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चार लोकांत सांगावी म्हणून मी हा विषय घेतला.

सातपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातील माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी शिवणकामात हुशार आहे. ब्लाउजच्या मापांचे नमुने ती संगणकावर आखते आणि ते विकते. गिऱ्हाइकाने पैसे भरले की नमुन्याची फाइल त्याच्या फोनवर जाते. त्याने ती छापून घ्यावी, कागद कापून कापडावर ठेवावा आणि शिवावे. टपाल नाही, गोदाम नाही, वजन नाही. यालाच डिजिटल माल म्हणतात.

हा माल लोकांना दिसावा कसा? एका मोठ्या कंपनीकडे ती आपल्या मालाची यादी पाठवी. त्यात नाव, चित्र, किंमत आणि दुकानाचा दुवा असे. कोणी 'ब्लाउज' असा शोध घेतला की ते चित्र किमतीसह समोर येई, आणि त्याने चित्रावर बोट लावले की हिच्या खात्यातून कंपनीला पैसे जात. कोणाचे चित्र वर यावे, याचा एक लिलावच क्षणाक्षणाला तेथे चाललेला असतो. आठ महिने धंदा बरा चालला. ऐन दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी दोन ओळींचा निरोप आला. दिशाभूल करण्याविरुद्धच्या धोरणाचा भंग झाला आहे, सबब खाते स्थगित.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, शिक्षा द्या, पण माझा गुन्हा काय ते तरी विचारा त्यांना."

मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, "पोरी, तू कामगार नव्हेस, दुकानाची मालकीण आहेस. हे आमच्या कक्षेत येत नाही." हीच ती माझी चूक.

आता कंपनीची बाजूही मांडतो, कारण एकच बाजू ऐकून निकाल देऊ नये, असे आपणच मालकांना सांगत आलो. डिजिटल मालात लबाडी सोपी असते. दुसऱ्याचे पुस्तक चोरून विकता येते, बनावट परवाना विकता येतो, आणि पैसे घेऊन फाइल न देताही पळता येते. गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही वाटते की असल्यांना वेळीच रोखावे. शिवाय या मुलीचे दुकान मी नंतर तिच्याबरोबर बसून तपासले, तेव्हा दोष सापडले. चित्र होते शिवलेल्या ब्लाउजचे, विकली जात होती नुसती फाइल. जाहिरातीत किंमत 149 रुपये, दुकानाच्या पानावर 199. पैसे परत मिळण्याच्या अटी कोठेच नाहीत, पत्ता नाही, फोन नाही. तिच्या मनात कपट नव्हते, परंतु यंत्राला मन वाचता येत नाही. त्यात तिने घाबरून भावाच्या नावाने दुसरे खाते उघडले. तेही दोन दिवसांत बंद झाले, कारण स्थगितीला वळसा घालणे हा स्वतंत्र अपराध धरला जातो.

दोष सुधारून तिने अर्ज केला. उत्तर यंत्राचे. मी माझ्या पद्धतीने चांगले दोन पानी पत्र लिहिले. त्यालाही उत्तर यंत्राचेच. पाच आठवड्यांनी खाते उघडले, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. कोणत्या दोषासाठी बंद झाले आणि कोणत्या सुधारणेने उघडले, हे तिला आजही ठाऊक नाही.

मंडळी, कारखान्याच्या फाटकावर हे चित्र आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. मुकादमाची मर्जी गेली की माणूस बाहेर. म्हणून 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे ते आधी लिहून ठेवा, आरोप सांगा, कामगाराचे म्हणणे ऐका, मग शिक्षा करा. 1982 च्या दुरुस्तीने तर चौकशीपर्यंत निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा निर्वाहभत्ता मिळू लागला. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे, आणि तिच्याविषयी आमच्या तक्रारी आहेत. परंतु मूळ तत्त्व कोणी नाकारलेले नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची भाकरी आहे, त्याने कारण सांगितले पाहिजे.

ती मुलगी मालकीण म्हणवते खरी. पण दुकान तिचे असले तरी किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे, आणि दुकानासमोरचा रस्ताही त्याचाच. त्या रस्त्याचे नियमही तोच बदलतो. गूगलने आपली मालाची यादी आधी फुकट ठेवली होती, 2012 मध्ये ती अमेरिकेत पैसे देणाऱ्यांपुरती केली, आणि 2020 मध्ये काही जागा पुन्हा फुकट केली. तिन्ही वेळा निर्णय एकट्या मालकाचा.

यावर उपाय नाही असे नाही. युरोपीय संघाने 2019 साली नियम केला, आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला. विक्रेत्याला रोखायचे तर कारण लेखी द्या, साफ बंद करायचे तर एरवी 30 दिवस आधी कळवा, अटी बदलायच्या तर निदान 15 दिवसांची मुदत द्या. तेथील डिजिटल सेवांचा कायदा फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात मंचाकडे केलेल्या तक्रारीचा निर्णय केवळ यंत्रावर सोपवता येत नाही.

आपल्याकडे 1 मार्च 2024 रोजी शुल्काच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स आपल्या भांडारातून काढली. त्यांत विवाह जुळवणारी व नोकऱ्या शोधून देणारी नावाजलेली ॲप्स होती. केंद्र सरकारने मध्ये हात घातला आणि काही दिवसांत ती परत आली. चांगले झाले. पण त्यांच्यासाठी मंत्री बोलले. ब्लाउजचे नमुने विकणाऱ्या मुलीसाठी कोण बोलणार?

तिच्यासारख्यांना माझे सांगणे थोडके आहे. फाइल विकत असाल तर मालाच्या नावातच स्पष्ट लिहा की ही फाइल आहे. जाहिरातीतली आणि दुकानातली किंमत एकच ठेवा. पत्ता, फोन, परतीच्या अटी उघड मांडा. खाते बंद झाले तर दुसरे उघडू नका, आधी दोष शोधा आणि काय सुधारले त्याची नोंद ठेवा. आपल्या गिऱ्हाइकांची यादी त्यांच्या संमतीने आपल्या वहीत ठेवा, म्हणजे एक रस्ता बंद झाला तरी घर सापडते. सगळी भांडी एका खुंटीला टांगू नका.

परंतु खबरदारी म्हणजे हक्क नव्हे. लेखी कारण, सुधारण्यास मुदत आणि ऐकून घेणारा एक जिवंत माणूस, या तीन मागण्या एकट्याने मागून मिळणाऱ्या नाहीत. म्हणून गेल्या वर्षापासून आमच्या कचेरीत दर रविवारी असे लहान विक्रेते जमतात. कोणी फाइल विकते, कोणी लोणची विकते. ती मुलगी आता सर्वांची पत्रे लिहिते. जिला मी एकदा "आमच्या कक्षेत येत नाही" म्हणून परत पाठवले, तिच्यासाठी कचेरीत एक खुर्ची वाढवली आहे. आणखी खुर्च्यांना जागा आहे.