‘असावें’ आणि ‘मे’ : इंग्रजींतील संभवाचीं क्रियापदें



इंग्रजी व्याकरणांतील सहाय क्रियापदें हा विषय ऐकतांच आपणांपैकीं कित्येकांना शाळेंतील तासाची आठवण होईल आणि रेडिओ बंद करण्याकडे हात जाईल. तो थोडा वेळ आवरावा, अशी विनंति आहे. मला आज नियम पाठ करून घ्यावयाचे नाहींत. एखाद्या गोष्टीचें कारण काय असावें आणि तिच्यापासून पुढें काय होण्याचा संभव आहे, हें सांगतांना आपण किती खात्रीनें बोलतों, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न आधीं शेतकऱ्याचा, रोग्याचा आणि अर्ज लिहिणाऱ्याचा आहे. व्याकरणकाराचा तो मागाहून झाला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील आजरा तालुक्याचेंच उदाहरण घेऊं. संकेश्वराहून आंबोलीमार्गें सावंतवाडीस जाणाऱ्या रस्त्यावरील हा मुलूख. आंबोलीच्या डोंगरांत उगम पावलेली हिरण्यकेशी येथून वाहते, आणि त्या आंबोलीस वर्षाला सुमारें ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हां पुढें काय होईल याचा विचार येथील माणसाला आषाढ-श्रावणांत रोजच करावा लागतो. त्याची भाषा कशी असते पहा. ‘पाऊस असाच लागून राहिला तर नदीला पूर येईल,’ असें तो म्हणतो. खात्री थोडी कमी असली तर ‘पूर येईलसें दिसतें’ म्हणतो. त्याहूनहि कमी असली तर ‘एखादे वेळीं पूर यायचाहि’ म्हणतो. पाऊस उघडल्यावर तोच माणूस ‘आणखी दोन दिवस लागला असता तर पूर आला असता’ असें बोलून दाखवितो. आणि इकडे पाऊस नसतां नदीचें पाणी चढलेलें दिसलें, तर ‘वर आंबोलीकडे पाऊस झाला असावा’ असा कारणाचा तर्क करतो. खात्रीच्या या पांच छटा त्याला कोणीं शिकविल्या नाहींत. त्या त्याच्या मातृभाषेंतच आहेत.

आपल्या व्याकरणकारांनीं या रूपांना नांवेंहि दिलीं आहेत. ‘झाला असावा’ हा विध्यर्थ आणि ‘आला असता’ हा संकेतार्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें आणि मोरो केशव दामले यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालीं; म्हणजे हा विचार आपणांस नवा नाहीं. भेद इतकाच कीं, मराठी ही छटा बहुधा क्रियापदाच्या शेवटाकडे दाखविते, तर इंग्रजी ती क्रियापदाच्या आधीं एक लहानसा शब्द ठेवून दाखविते. विल, शुड, मे, माइट, कॅन, कुड, वुड, मस्ट असे हे मूठभर शब्द. त्यांना ‘एस’ हा प्रत्यय लागत नाहीं आणि त्यांच्यामागून ‘टु’ येत नाहीं, एवढें व्याकरण पुरें. खरी अडचण त्यांपैकीं कोणता निवडावा, ही आहे.

प्रथम परिणामाची बाजू पाहूं. आजऱ्याकडे काजूच्या बागा पुष्कळ. मोहोराच्या दिवसांत आभाळ भरून राहिलें कीं किडीचा उपद्रव वाढतो आणि मोहोर करपतो. आतां ‘क्लाउडी वेदर विल डॅमेज द ब्लॉसम’ असें लिहिलें, तर मोहोर जाणारच, असें आपण सांगितलें. ‘मे डॅमेज’ लिहिलें तर जाण्याचा संभव आहे, इतकेंच सांगितलें. ‘माइट’ किंवा ‘कुड’ लिहिलें तर तो संभव आणखी दूरचा केला. आपलें ‘जायचाहि’ तें हेंच. ‘शुड’मध्यें बहुधा अपेक्षा असते. ‘द स्काय शुड क्लिअर टुमॉरो’ म्हणजे ‘उद्यां आभाळ निवळायला हवें’. आणि ‘वुड हॅव’ हें न घडलेल्या गोष्टीचें रूप : आभाळ निवळलें नसतें तर मोहोर गेला असता.

येथें एक सूचना. ‘इफ’च्या मागून परिणामाचें ‘विल’ घालण्याची चूक आपल्या मुलांकडून फार होते. ‘इफ इट विल रेन, द रिव्हर विल राइज’ असें तीं लिहितात. परंतु मराठींत तरी आपण ‘पाऊस पडेल तर’ असें कोठें म्हणतों? ‘पाऊस पडला तर’ असेंच म्हणतों. गोष्ट उद्यांची, पण रूप भूतकाळाचें. इंग्रजी तेथें वर्तमानकाळ वापरते : ‘इफ इट रेन्स’. दोन्ही भाषा अटीच्या वाक्यांत भविष्याचें रूप टाळतात, हें एकदां लक्षांत आणून दिलें तर वेगळा नियम घोकावा लागत नाहीं.

आतां कारणाची बाजू. या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकाच्या जंगलांतून हत्ती आजरा-चंदगड भागांत येऊं लागले. समजा, सकाळीं एखाद्या शेतकऱ्याला आपलें भात तुडविलेलें दिसलें. आणि तें घनसाळ, म्हणजे ज्या सुवासिक भाताला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें असलें, तर त्याची हळहळ काय सांगावी! त्याचा कॉलेजांत जाणारा मुलगा नुकसानभरपाईचा अर्ज इंग्रजींत लिहावयास बसतो. त्यानें हत्ती डोळ्यांनीं पाहिला असेल तर साधा भूतकाळ लिहावा. तेथें सहाय क्रियापदाचें काम नाहीं. हत्ती पाहिला नाहीं, पण हत्तीचींच पावलें व ताजी लीद बांधावर आहे. तर ‘ॲन एलिफन्ट मस्ट हॅव डन धिस’. खूण अस्पष्ट आहे, गवा येऊन गेल्याचाहि संशय आहे; तर ‘मे हॅव’. आणि पावलांचे ठसे पाहून डुकराचें हें काम नव्हे अशी खात्री झाली, तर ‘अ बोअर कान्ट हॅव डन इट’. मागून पंचनाम्याला येणारा अधिकारी याच शब्दांवरून पाहिलेलें किती आणि ताडलेलें किती, हें वेगळें करणार. पाहिलें नसतां पाहिल्यासारखें लिहिणें हें खोटें, आणि धडधडीत खूण असतां ‘मे’ लिहिणें हें स्वतःचेंच नुकसान.

‘मस्ट’चे दोन अर्थ पाहून विद्यार्थी गोंधळतात. एकदां तें कर्तव्य सांगतें, एकदां अनुमान. पण आपलें ‘पाहिजे’ असेंच नाहीं काय? ‘त्यानें आलें पाहिजे’ हें कर्तव्य; ‘तो आला असला पाहिजे’ हें अनुमान. शिक्षकांनीं फळ्यावर हीं दोन वाक्यें शेजारीं शेजारीं लिहावीं. निम्मा गोंधळ तेथेंच मिटेल.

उलट, ‘शकणें’ हें क्रियापद मात्र आपणांस फसवितें. सामर्थ्य आणि संभव, दोन्हीला आपण तें वापरतों, आणि म्हणून सगळीकडे ‘कॅन’ लिहून मोकळे होतों. ‘एलिफन्ट्स कॅन डिस्ट्रॉय अ क्रॉप’ हें हत्तींच्या जातीविषयीं सामान्य सत्य झालें. आज रात्रीं हा हत्ती आपल्या शेतांत उतरण्याचा संभव आहे, हें सांगावयाचें तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवें. पहिलें वाक्य पुस्तकांत शोभतें. दुसरें ऐकून माणूस राखणीला जातो.

यांत केवळ परीक्षेचे गुण नाहींत. औषधाच्या वेष्टनावर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ असें छापलेलें असतें. एक रोगी त्याचा अर्थ ‘झोंप येणारच’ असा करून औषध सोडतो. दुसरा ‘येईलच असें नाहीं’ असें म्हणून गोळी घेऊन मोटारसायकलवर बसतो. दोघांनींहि ‘मे’ वाचला, दोघांनींहि तो चुकीचा वाचला. अतिवृष्टीच्या सूचनेंत ‘लँडस्लाइड्स मे ऑकर’ हे शब्द असतात. दरडीचा हा संभव खरा ठरतो तेव्हां काय होतें, तें महाराष्ट्रानें ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण येथें पाहिलें; १५० हून अधिक माणसें गेलीं. म्हणून एक गोष्ट मनांत बिंबवावयास हवी : ‘मे’ हा शब्द खात्री मोजतो, संकट मोजत नाहीं. संभव लहान आणि परिणाम प्राणांतिक, असें असूं शकतें; आणि अशा वेळीं शहाणा माणूस परिणामाकडे पाहून वागतो. दरडीखालच्या घरांतून आपण बाहेर पडावें तें दरड पडेलच म्हणून नव्हे, तर पडायचीहि म्हणून.

सन २००० पासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जात आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज येथील मुलांच्या कानांवर हे शब्द आतां लहानपणींच पडतात. त्यांना प्रत्येक शब्दाला एक ठराविक मराठी प्रतिशब्द देऊन भागणार नाहीं. आधीं त्यांना विचारावें, ‘तुला हें कितपत ठाऊक आहे? पाहिलेंस, ताडलेंस, कीं नुसती शंका आहे?’ मूल मराठींत बरोबर उत्तर देईल, कारण तें ‘आहे’, ‘असणार’, ‘असेल’ आणि ‘असावें’ यांत रोज निवड करीत आलें आहे. त्या उत्तराच्या मापाचा इंग्रजी शब्द मग शिक्षकांनीं त्याच्या हातीं द्यावा. जितकें ठाऊक तितकेंच बोलावें, ही शिकवण दोन्ही भाषांत एकच आहे. आणि ती अंगीं बाणली, तर त्या मुलाचा अर्ज, त्याची साक्ष आणि त्यानें शेजाऱ्याला दिलेला इशारा, यांवर लोक विश्वास ठेवतील.