आयकराच्या नावाखाली कापसाचे पैसे कापू देऊ नका
(जिल्हा बैठकीत झालेल्या मांडणीचा मजकूर)



भाव, वीज, पीकविमा हे आपले नेहमीचे विषय दुपारनंतर आहेतच. त्याआधी थोडा वेळ एका रुक्ष विषयाला द्यायचे आम्ही ठरवले आहे. विषय आहे आयकर खात्याचे नियम आणि त्या खात्याच्या चिठ्ठ्या.

तुम्ही म्हणाल, आपला आणि आयकराचा संबंध काय? शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, हे तर शाळेतले पोरही सांगेल. खरे आहे. पण गावोगाव फिरताना आम्हाला एक गोष्ट दिसते. जिनवर व्यापारी आयकराचे नाव सांगून कटती लावतो. बँकेत ठेवीचे व्याज कापून येते, तेही आयकराच्या नावाने. मोबाइलवर कोणीतरी नोटिशीची भीती घालून पैसे मागतो. नाव सरकारचे आणि खिसा आपला. कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो काय म्हणतो ते आपल्याला माहीत नाही आणि तो सिद्ध करणारा कागद आपल्या घरात नाही. एवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे.

ही मेहरबानी नाही

शहरातली शिकलेली माणसे आपल्याला टोमणा मारतात, ‘तुम्हाला काय, तुम्हाला कर नाही.’ त्यांना इतिहास सांगा. इंग्रजांनी १८६० साली आयकर आणला तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात धरले होते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले. जमीनमहसूल शेतकरी आधीच भरत होता. पुढे राज्यघटनेने शेती उत्पन्नावरील कराचा विषय राज्यांच्या यादीत टाकला. केंद्राच्या आयकर खात्याला शेतीचे उत्पन्न सोडूनच कर बसवता येतो. १९६१ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये पहिलीच सूट शेती उत्पन्नाची होती. त्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. कलमांचे आकडे बदलले, शेतीची सूट राहिली. म्हणून आकडे पाठ करू नका, अर्थ ध्यानात ठेवा.

आणि कर नाही म्हणजे लूट नाही असे नव्हे. भाव पाडून जे घेतले जाते त्याला शरद जोशी उणे सबसिडी म्हणत. त्याची पावती कोणी देत नाही, एवढाच फरक.

शेतीचे उत्पन्न कोणते?

आपल्या शेतात पिकवलेला कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन विकून आलेला पैसा हे शेतीचे उत्पन्न. शेत मक्त्याने दिले तर मक्त्याचे पैसेही शेतीचे. बटईने किंवा मक्त्याने कसणाऱ्याचे उत्पन्नही शेतीचेच. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून ते बदलत नाही.

पण ट्रॅक्टर भाड्याने फिरवला, किराणा दुकान टाकले, दुधाचा धंदा केला, कोंबड्या पाळल्या, तर ते शेतीचे उत्पन्न नव्हे. गावातून दुसऱ्यांचा कापूस गोळा करून जिनवर नेला तर तो व्यापार झाला. बँकेचे व्याजही शेतीचे नाही, ठेव कापसाच्या पैशाची असली तरी.

आणखी एक. घरातला मुलगा नोकरीला आहे आणि शेतही त्याच्याच नावावर आहे. शेतीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि दुसरे उत्पन्नही करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरतात. ही रीत राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ पासून चालत आलेली आहे. शेतीवर कर लागत नाही, पण दुसऱ्या उत्पन्नावरचा कर वाढू शकतो. नोकरदाराने हे माहीत असू द्यावे. नुसत्या शेतीवर जगणाऱ्याला याची झळ नाही.

जिनवरची कटती

समजा, हिंगणघाटला वीस क्विंटल कापूस नेला. आठ हजारांनी एक लाख साठ हजार झाले. व्यापारी म्हणतो, ‘आयकराचा नियम आहे, दहा हजारांवर रोख देता येत नाही. चेक घ्या, पंधरा दिवसांनी वटेल. रोख पाहिजे तर शेकड्यामागे दोन रुपये कटती.’ बत्तीसशे रुपये तिथेच गेले.

आता नियम ऐका. धंद्यातला खर्च दहा हजारांपेक्षा जास्त रोखीने केला तर व्यापाऱ्याला तो हिशेबात धरता येत नाही, हे खरे. पण पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून शेतमाल घेतला तर त्याला यातून सूट आहे. नोटाबंदीनंतर व्यापारी रोख द्यायला तयार होईनात, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी परिपत्रक क्रमांक २७ काढून हेच स्पष्ट केले. शेतकऱ्याने आपला माल व्यापाऱ्याला दोन लाखांच्या आत रोखीने विकला तर व्यापाऱ्याचा खर्च नाकारला जाणार नाही. शेतकऱ्याला पॅन दाखवण्याची किंवा साठ नंबरचा फॉर्म भरण्याचीही गरज नाही.

हद्द आहे ती दोन लाखांची. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच सौद्यापोटी तुकड्यातुकड्याने, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. १ एप्रिल २०१७ पासून हा नियम आहे आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे. जेवढी रोख घेतली तेवढाच दंड. म्हणून मोठ्या मालाचे पैसे बँकेतूनच घ्या.

कोणी म्हणेल, ‘बँकेतून रोख काढली की आमचा टीडीएस कापतात.’ बाजार समितीत काम करणाऱ्या अडत्या-व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना पैसे देण्यासाठी रोख काढताना, त्यातून सूट देणारी अधिसूचना सप्टेंबर २०१९ मध्येच निघाली आहे. व्यापाऱ्याकडे रोख नसेल तर तो त्याच्या भांडवलाचा प्रश्न आहे. त्याला आयकराचे नाव देऊ नये.

अशीच गोष्ट जीएसटीची. शेतकऱ्याकडून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने कापूस घेतला तर ५ टक्के कर आहे, पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. आपल्या एक लाख साठ हजारांवर तो आठ हजार होतो. व्यापारी तो भरतो आणि पुढे गाठी विकताना आपल्या करातून वळता करून घेतो. तो आपल्या पट्टीतून कापायचा नसतो. आपलाच माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. सुट्या ज्वारीवर तर हा करच नाही.

म्हणून एकच सवय लावा. कोणीही कराच्या नावाने पैसे कापले तर शांतपणे म्हणा, ‘भाऊ, कशाचे कापले ते काटापट्टीवर लिहून द्या.’ नियमाने कापणारा लिहून देईल.

बँकेतले व्याज

एका बँकेत वर्षाचे व्याज ठरावीक रकमेच्या वर गेले की बँक १० टक्के टीडीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून ही रक्कम ५०,००० रुपये आहे, साठ वर्षांवरील माणसांसाठी १ लाख. पॅन दिला नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर १० चे २० टक्के होतात. ३० जून २०२३ ही जोडणीची मुदत होती. त्यानंतर हजार रुपये भरून जोडणी होत असे. आपल्या पॅनची स्थिती आधी पाहून घ्या.

ज्याला करच लागणार नाही त्याने बँकेला तसे लिहून द्यायचे असते. वर्षानुवर्षे हा कागद १५ जी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी १५ एच या नावाने ओळखला गेला. बँकेत विचारताना ‘टीडीएस न कापण्याचे घोषणापत्र’ म्हणा. ते दरवर्षी एप्रिलात नव्याने द्यावे लागते आणि खोटे दिले तर गुन्हा होतो. कापून गेलेले पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरले की परत मिळतात.

चिठ्ठी आली तर

बचत खात्यांत वर्षभरात मिळून दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. तीस लाख किंवा जास्तीच्या जमीन व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कळवतो. खात्याच्या यंत्राला कापूस दिसत नाही, आकडा दिसतो. हा पैसा कुठला, असे ते विचारते. विचारणे म्हणजे गुन्हा ठरवणे नव्हे. उत्तर न देणे मात्र महागात पडते, कारण उगम न सांगितलेल्या पैशावर जड दराने कर बसतो.

पहिले काम, चिठ्ठी खरी की खोटी ते पाहणे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या चिठ्ठीवर संगणकाचा ओळख क्रमांक असतो. त्याला डीआयएन म्हणतात. खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकून चिठ्ठी खरी आहे की नाही ते कळते. फोनवर ओटीपी किंवा पैसे मागणारा माणूस आयकराचा नसतो.

दुसरे काम, चिठ्ठीवरची तारीख वाचून मुदतीत उत्तर देणे. तिसरे, कागद जोडणे. सातबारा, आठ-अ, पीकपेऱ्याची नोंद, काटापट्टी, बाजार समितीची हिशेबपट्टी किंवा सीसीआयची पावती, बियाण्या-खताची बिले. एकाधिकार खरेदीच्या काळात फेडरेशनचा चेकच आपला पुरावा होता. आता खेडा खरेदीत दारातून कापूस जातो आणि हातात नुसत्या नोटा येतात. त्या नोटा बँकेत गेल्या की त्यांची जात सांगायला कागद उरत नाही.

मक्त्याने कसणाऱ्याची अडचण मोठी. शेतमालक कुळकायद्याच्या भीतीने लिहून देत नाही. निदान काटापट्टी आणि कृषी केंद्राचे बिल कसणाऱ्याच्या नावाने घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि पैसा बाईच्या खात्यात असेल, तर उत्तरात ते नाते सरळ लिहा. लक्ष्मीमुक्तीत जमीन बाईच्या नावावर झाली असेल तर प्रश्नच नाही.

आणि आपला सातबारा कोणाला वापरू देऊ नका. शहरातला कोणी म्हणतो, ‘माझे वीस लाख तुझ्या शेतीचे दाखव, तुला पन्नास हजार देतो.’ शेती उत्पन्नाची सूट पुरेशी तपासणी न करता दिली जाते, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात आहे. दहा एकर कोरडवाहूत वीस लाखांचा नफा कोणी मानणार नाही. तो माणूस नामानिराळा राहील आणि जाब तुम्हाला द्यावा लागेल.

एजंटाचे विवरणपत्र

हे सर्वांत घातक आहे. पोराला गाडीसाठी कर्ज पाहिजे. फायनान्सवाला तीन वर्षांची विवरणपत्रे मागतो. एजंट म्हणतो, ‘मी करून देतो.’ तो बापाच्या नावाने नसलेले दुकान दाखवतो, नसलेला नफा दाखवतो आणि थोडासा कर भरून मोकळा होतो. कर्ज मिळते. पण पीएम किसान योजनेचा नियम असा आहे की मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्याला वर्षाचे ६,००० रुपये मिळत नाहीत. आधी मिळालेले असतील तर वसुली निघते. महाराष्ट्रातल्या २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही कर्जमाफ्यांतही आयकर भरणारे वगळले होते. म्हणजे नसलेल्या दुकानापायी असलेला हक्क जातो.

फरक लक्षात ठेवा. विवरणपत्र भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. खरे उत्पन्न दाखवून, कर शून्य येऊन भरलेल्या विवरणपत्राने कोणी करदाता होत नाही. सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा. यात उत्पन्न कोणते दाखवले? कर किती भरला?

जमीन विकताना

खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. पण खेडे कोणते, याचे माप आहे. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटर आणि एक लाख ते दहा लाख वस्तीच्या हद्दीपासून सहा किलोमीटर, सरळ रेषेत मोजून. आर्वी, पुलगाव, देवळी पहिल्या मापात येतात. वर्धा आणि हिंगणघाट २०११ च्या जनगणनेत लाखाच्या वर गेल्यामुळे दुसऱ्यात. या शहरांलगत शेत असेल तर सौद्याआधी जाणकाराला विचारा. समृद्धी महामार्गासारख्या भूसंपादनाचा मोबदला हा वेगळा विषय आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्याला आयकरातून सूट दिली आहे.

दारात न येणारी चिठ्ठी

शेवटचे. आपल्या नावाने येणाऱ्या नोटिशीला आपण घाबरतो. पण दिल्लीच्या वित्त मंत्रालयाची एक अधिसूचना कोणाच्याही दारात आली नाही आणि तिचा फटका साऱ्या जिल्ह्याला बसला. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसले होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या हंगामात. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. शेतकऱ्याला कर माफ आहे म्हणणाऱ्यांना विचारा, हे शुल्क माफ केले ते कोणासाठी?

आता काम

प्रत्येक घरात एक पिशवी करा. तिच्यात या हंगामाच्या काटापट्ट्या, हिशेबपट्ट्या, बियाण्या-खताची बिले आणि पासबुक ठेवा. पुढच्या हंगामात तीच पिशवी रिकामी करू नका, दुसरी करा. चिठ्ठी जुन्या वर्षाचीही येते.

आणि पुढच्या बैठकीला येताना, ज्या पट्टीवर कराच्या नावाने कटती लिहिली आहे ती पट्टी सोबत आणा. एकट्याने विचारले तर व्यापारी हसेल. पन्नास पट्ट्या एकत्र करून आपण बाजार समितीच्या सचिवाच्या टेबलावर ठेवू आणि एवढेच विचारू, ‘साहेब, हा कोणता कर?’